दूरदर्शन-आकाशवाणीला टाळं ठोका म्हणणाऱ्यांना उत्तर

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: दूरदर्शन-आकाशवाणी आता कुणी बघत-ऐकत नाही, करदात्याच्या पैशावर पोसलेले हे पांढरे हत्ती आहेत, जाहिरातींवर जगता येत नसेल तर त्यांना टाळं ठोका, आणि सरकारी पैशावर चालणारं माध्यम सरकारचीच टिमकी वाजवणार. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याखाली टाळ्या पडल्या. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘कुणी बघत नाही.’ डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची उपग्रहावरून वाहिन्या दाखवणारी सेवा 2004 मध्ये सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की दरमहा एक पैसाही भरावा लागत नाही. चार कोटींहून अधिक घरांत ती आहे, असा अंदाज आहे. ज्यांच्या खिशाला महिन्याचं रिचार्ज जड जातं अशी ही घरं आहेत. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांच्या ओळखीत ती नसतील, एवढंच. फ्री डिशवर जागा मिळावी म्हणून खाजगी वाहिन्या ई-लिलावात बोली लावतात आणि त्यातून प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या महामंडळाला, शेकडो कोटी रुपये मिळतात. प्रेक्षक नसता तर हा पैसा त्यांनी का मोजला असता?

रेडिओचं तर याहून स्पष्ट आहे. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही; फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. आकाशवाणीला टाळं म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांनाही टाळं.

‘जाहिरातींवर जगा.’ मुंबईत 23 जुलै 1927 रोजी ज्या केंद्राचं उद्घाटन झालं, ते सरकारचं नव्हतंच. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी कंपनी ते चालवत होती. तीन वर्षांच्या आत, 1930 मध्ये ती बुडाली आणि सरकारला प्रसारण हाती घ्यावं लागलं. तेव्हा श्रोते मूठभर होते, आज बाजार मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण आकाशवाणी 23 भाषा आणि 179 बोलींमधून बोलते. त्यातल्या बहुतेक बोलींत साबण विकायला कुणी येणार नाही. गोंडीतला कार्यक्रम किंवा मच्छीमारांसाठीचा हवामानाचा इशारा जाहिरातीच्या दरावर तोलला, तर पहिल्याच आठवड्यात बंद पडेल. स्पेनने 2009 मध्ये नेमकी उलटी वाट धरली: सार्वजनिक वाहिनीवरच्या जाहिराती काढून टाकल्या आणि खर्चासाठी खाजगी वाहिन्या व दूरसंचार कंपन्यांवर आकारणी बसवली.

‘करदात्याचा पैसा.’ हो, आहे. जुन्या कर्मचाऱ्यांचे पगार केंद्र सरकार देतं. 2023 च्या जानेवारीत यंत्रसामग्री आणि जाळं सुधारायला सुमारे 2,539 कोटींची योजना मंजूर झाली. मला तो खर्च खुपत नाही. खुपतं ते हे, की दर अर्थसंकल्पाला हात पसरावा लागतो.

आणि म्हणूनच ‘सरकारची टिमकी’ हा आरोप मी झटकून टाकणार नाही. तो बऱ्याच अंशी खरा आहे. प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते. 1990 चा प्रसार भारती कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो 1997 मध्ये. स्वायत्तता कागदावर आली, पण तिजोरीची किल्ली मंत्रालयाकडेच राहिली. मात्र टिमकी वाजते म्हणून वाद्यच फोडायचं, हा उपाय मला पटत नाही. किल्लीची जागा बदलायला हवी.

ती बदलता येते. जर्मनीत 2013 पासून सार्वजनिक प्रसारणासाठी दर घरामागे ठरावीक वर्गणी आहे. किती लागेल याचा हिशेब एक स्वतंत्र आयोग मांडतो. 2020 मध्ये एका राज्याने महिना 86 सेंटची वाढ अडवून धरली, तेव्हा 2021 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती लागू करायला लावली. राज्यकर्त्यांना रुसून पैसा रोखता आला नाही.

आपल्याकडे घरटी वर्गणी मी मागणार नाही. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसनचं पुस्तक नवं करून आणणारी पिढी अजून आहे. ते शुल्क 1980 च्या दशकाच्या मध्यात रद्द झालं ते बरंच झालं. पैसा दुसरीकडे आहे. ग्रामीण जोडणीसाठी दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित उत्पन्नाचे (ठरावीक वजावटींनंतर उरलेल्या महसुलाचे) 5 टक्के आजही एका निधीत भरतात; त्याचं नाव आता डिजिटल भारत निधी. त्यातला छोटा हिस्सा प्रसारणाला द्या. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर 2016 मध्ये 6 टक्के समकारी शुल्क बसवलं होतं, ते 2025 मध्ये काढून टाकलं. ते परत आणून त्यातून बोलीभाषांतले कार्यक्रम आणि जिल्ह्याच्या बातम्या चालवा. खाजगी कंपनीच्या कमाईत सार्वजनिक प्रसारकाचा वाटा असणं नवं नाही: 2007 च्या कायद्याने महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यावे लागतात आणि त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न 75-25 असं, म्हणजे 75 टक्के हक्क असलेल्या कंपनीला आणि 25 टक्के प्रसार भारतीला, वाटलं जातं.

हा पैसा संसदेने ठरवलेल्या सूत्रानुसार पाच-पाच वर्षांसाठी थेट प्रसार भारतीकडे जावा, मंत्रालयाच्या टेबलावरून नको. प्रसार भारती कायद्याच्या सतराव्या कलमात ‘रेडिओ-टीव्ही लायसन शुल्क असल्यास’ ते महामंडळाला देण्याची तरतूद आहे. कायदा झाला तेव्हा ते शुल्क रद्द होऊन काही वर्षं झाली होती, तरी कलमात त्याची जागा राखलेली होती. पस्तीस वर्षं ती रिकामी आहे.