दिनविशेषाचा फळा

अक्षर चांगलं असलं की माणसाच्या मागं काय लचांड लागतं, हे मला नोकरीत कळलं. परभणी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या 'टिपा लिहा'पुरता आला आणि तिथंच सुटला. तरी दिनविशेषाचा फळा माझ्याच गळ्यात. पायऱ्या चढलं की समोर दिसतो, परिपाठाच्या आधी भरलेला लागतो. वर हेडसरांची अट, "रोज काहीतरी घडलेलं पाहिजे."

जून-जुलै कसेही निभतात. खरा घोळ गणपतीला सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत पुरतो.

त्यातला 17 सप्टेंबर तेवढा मी न बघता लिहितो. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला आणि आम्ही 13 महिने 2 दिवस उशिरा. मराठवाड्यात सगळं मागून येतं, ही तक्रार तेव्हापासूनची असावी. 1948 साली 13 सप्टेंबरला फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, 17 ला निजामानं माघार घेतली. कारवाई केली लष्करानं, पण आमच्याकडं सगळे तिला 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. हे सगळं मी एकदा घरी आबांना मोठ्या ऐटीत ऐकवलं. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तारखीचं मला काय सांगायलास? मूग तोडायला आले होते. पैली तोडणी झाली, दुसरी व्हायची होती, तेवढ्यात झालं की सगळं." म्हणजे जे माझ्या फळ्यावर पाच दिवस, ते आबांच्या हिशेबात मुगाची एक तोडणी. हे माप हेडसरांना चालणार नाही.

2025 ला तर 2 ऑक्टोबरलाच दसरा आला. गांधीजी (1869), लालबहादूर शास्त्री (1904) आणि आपट्याची पानं, सगळे एका रांगेत. फळ्यावर दाटीवाटीनं का होईना मावले, पण स्टाफरूममध्ये सुतक पडलं. एक सुट्टी बुडाली होती! जानेवारीत नवीन कॅलेंडर भिंतीला लागलं की गुरुजन आधी काय बघतात, हे पालकांना न कळलेलंच बरं. त्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबासाहेबांनी 1956 ला दसऱ्याच्या दिवशी दीक्षा घेतली, ती तारीख होती 14 ऑक्टोबर. मग लिहायचं कधी, दसऱ्याला की 14 ला? मी दोन्ही दिवशी लिहितो. खडू जातो, भांडण वाचतं.

14 चं झालं की 15 ऑक्टोबर, म्हणजे अब्दुल कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण फळ्यावर जागा उरली होती म्हणून खाली लिहिलं, '1582 : ग्रेगरियन कॅलेंडर सुरू.' परिपाठात समजावून सांगितलं की पोपनं कॅलेंडर दुरुस्त केलं, तेव्हा 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर उजाडला, मधले 10 दिवस झालेच नाहीत. पोरं गप्प बसली. मागं घंटेपाशी उभे असलेले शिपाई मामा मात्र बसले नाहीत. "मंग सर, त्या धा दिवसाचा पगार?" गणिताचा माणूस असूनही हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागली आणि फळा पुसायचा राहिला. फराळ संपला, भाऊबीज झाली, शाळेत वाचन प्रेरणा दिन आपला चालूच.

25 डिसेंबरचा फळा 24 लाच लिहून ठेवावा लागतो. नाताळ, मालवीय, वाजपेयी, महाडचं 1927 चं मनुस्मृतिदहन. उरलेल्या कोपऱ्यात मी न्यूटनला बसवला, तर विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, न्यूटन 4 जानेवारीचा." दोघंही बरोबर होतो. इंग्लंडात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं. त्याप्रमाणं 25 डिसेंबर 1642, नव्याप्रमाणं 4 जानेवारी 1643. जयंती तारखेनं करायची की तिथीनं, हा वाद आपल्याकडंच आहे असं मी समजत होतो. त्या एका दिवसात न्यूटन मला घरचा वाटायला लागला.

पण इज्जत गेली ती संक्रांतीला. 14 जानेवारी म्हणजे 1994 चा विद्यापीठाचा नामविस्तार आणि 1761 चं पानिपत. मला सुचलं, 'मराठ्यांवर संक्रांत कोसळली ती याच दिवशी.' रंगीत खडूनं लिहिलं. नववीतली एक पोरगी फळ्यापुढं थांबली. "सर, परवा तुम्हीच लिहिलं होतं, विवेकानंद 12 जानेवारी 1863 ला जन्मले, त्या दिवशी मकर संक्रांत होती. मग संक्रांत 12 ची का 14 ची?" तिला म्हणालो, मधल्या सुट्टीत सांगतो. संक्रांत साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढं सरकते. 1863 ला ती 12 ला होती, म्हणजे 102 वर्षं आधी त्याच्याही अलीकडं. पानिपत झालं तेव्हा तिळगूळ वाटून कधीच झाला होता! ओळ पुसली. रंगीत खडू नीट पुसला जात नाही, त्यामुळं 'कोसळली' तेवढं आठवडाभर दिसत होतं.

एवढ्या जगाच्या तारखा सांभाळणाऱ्या माणसाची स्वतःची जन्मतारीख 1 जून आहे. आबांचीही तीच, वडलांचीही तीच. पोरगं शाळेत घालायला नेलं की त्या काळचे गुरुजी तारीख विचारायचे, समोरून उत्तर आलं नाही की 1 जून टाकून मोकळे व्हायचे. म्हणून तर 31 मे ला अर्धी कचेरी एकदम रिटायर होते. गेल्या 1 जूनला स्टाफच्या ग्रुपवर आम्हा चौघांना एकाच केकच्या फोटोत शुभेच्छा मिळाल्या. मग हट्टानं आईला विचारलं, "खरं सांग, मी कधी जन्मलो?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

एवढा धागा पुरे होता. जुनी पंचांगं काढली, चष्मा पुसला. "कोणत्या सालचा पोळा?"

आईनं जरा आठवून सांगितलं, "ज्या साली पाऊस पडला नव्हता, त्या सालचा."