जुनी ऑटोमॅटिक की नवी मॅन्युअल? सोलापूरकरांनो, नवी मॅन्युअल घ्या

हा प्रश्न हल्ली मला इतके जण विचारतात की एकदाच सविस्तर लिहून टाकते. बजेट अठरा-वीस लाखांचं, सेडानच हवी आणि ती चालवायला दमदार हवी. समोर दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे त्याच पैशात मिळणारी, पाच-सात वर्षं वापरलेली मोठी ऑटोमॅटिक. ऑक्टाव्हिया, सुपर्ब, नशीब जोरावर असेल तर बीएमडब्ल्यू थ्री सीरिजसुद्धा. दुसरा म्हणजे कोरी टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. दीड लिटर इंजिनची स्लाव्हिया, व्हर्टस जीटी किंवा व्हर्ना टर्बो.

माझं मत पक्कं आहे. तुम्ही सोलापुरात राहता, गाडी सोलापुरातच राहणार आहे, तर नवी मॅन्युअल घ्या.

यात ‘सोलापुरात’ ही अट मी मुद्दाम घालते आहे. पुण्यात हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाला मी हे सांगणार नाही. तासभर क्लच दाबत बसायचं असेल तर ऑटोमॅटिकला पर्याय नाही. पण आपल्याकडं? संध्याकाळी सात रस्ता, पार्क चौक, विजापूर वेस एवढ्या ठिकाणी गाडी रांगते. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला जायचं नावच काढू नये. हे सोडलं तर जुळे सोलापूरहून एमआयडीसीपर्यंत जायला अर्धा तास पुष्कळ झाला. आपल्या गाडीचं खरं आयुष्य शहराबाहेर जातं. पुण्याचे अडीचशे किलोमीटर, विजापूरचे शंभर, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी. एकदा सावळेश्वरचा टोल ओलांडला की पुढं कितीतरी वेळ गिअर बदलायची गरजही पडत नाही. ज्या सुखासाठी ऑटोमॅटिकचे जादा पैसे मोजायचे, ते सुख इथं वापरायलाच मिळत नाही.

आता जुन्या गाडीकडं बघू. सोलापुरात विकायला आलेली अशी मोठी ऑटोमॅटिक बहुतेक वेळा सोलापूरची नसतेच. नंबर एमएच १२ किंवा १४ चा असतो, नाहीतर मुंबईचा किंवा हैदराबादचा. विकणारा म्हणतो, “मॅडम, फक्त चाळीस हजार चाललीय.” चाळीस हजार किलोमीटर, मान्य. पण ओडोमीटर किलोमीटर मोजतो, तास मोजत नाही. सरासरी ताशी साठच्या वेगानं हेच अंतर कापलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स साधारण साडेसहाशे तास चालले. पुण्यासारख्या गर्दीत सरासरी ताशी वीस पकडली तर दोन हजार तास. काट्यावर आकडा तोच, झीज तिप्पट. मालक बदलतो, पण त्यानं सिग्नलला काढलेले तास गाडीच्या आतच राहतात आणि त्यांचं बिल पुढच्या मालकाच्या नावावर निघतं.

मॅन्युअल गाडी झिजली की पायाला कळतं. क्लच वर सुटायला लागतो, चढावर वास येतो, गिअर खरखरतो. ऑटोमॅटिकमध्ये हे सगळं पेटीच्या आत आणि संगणकाच्या हातात असतं. संगणक बराच काळ सांभाळून घेतो. मग एके दिवशी त्याला सांभाळता येत नाही.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात, हेही सांगितलं पाहिजे. बीएमडब्ल्यूमध्ये येणारा झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पुढं देणारा) हा दणकट गिअरबॉक्स आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. जोरकस इंजिनांसोबत येणारे तेलात बुडालेल्या क्लचचे डीएसजीही, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचे दोन क्लचवाले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चांगले असतात, फक्त त्यांचं तेल ठरलेल्या वेळी बदललेलं असावं लागतं. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस अशाच गिअरबॉक्सची होती. २३० पीएस, आजही पाहिली की मान वळते. काळजी करायची ती कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजीची. गर्दीत ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपोआप हळूच सरकते ना, तेव्हा आतला क्लच अर्धवट धरलेलाच असतो. आपण हाफ क्लचवर गाडी रेंगाळवतो तसंच, फक्त ते काम संगणक करतो. तेल नसल्यामुळं ती उष्णता लवकर जात नाही. याच गिअरबॉक्ससाठी २०१३ मध्ये फोक्सवॅगननं चीनसह अनेक देशांत लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यानंतर त्यात सुधारणा झाल्या, पण घासणाऱ्या कोरड्या क्लचला उष्णता नको हे भौतिकशास्त्र बदललं नाही. आणि आपला मे महिना कसा असतो हे सोलापूरकराला सांगायला नको.

माझ्या मोठ्या दिरांनी पुण्याहून अशीच एक वापरलेली महागडी ऑटोमॅटिक आणली होती. कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही. गाडी देखणी, आतलं लेदर नव्यासारखं, रंगाला ओरखडा नाही. एका दुपारी मोहोळच्या अलीकडं डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढं जाईना. कशीबशी बाजूला घेतली. इथल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना फोन केला. हा माणूस इंजिन उतरवून परत बसवणारा. ते स्वतः आले, स्कॅनर लावला, कोड वाचला आणि म्हणाले, “भाऊ, मी उघडू शकतो, पण परत बंद करून नीट चालेल याची गॅरंटी देऊ शकत नाही. ह्याला पुण्यालाच न्यावं लागतंय बघा.” गाडी फ्लॅटबेडवर चढली. पुढं किती आठवडे गेले आणि किती पैसे गेले हे घरातला विषय असल्यानं लिहीत नाही. पण त्या मिस्त्रींबद्दल मला आदर वाटला. हात घालून पैसे मिळवता आले असते, तरी त्यांनी खरं ते सांगितलं.

गाडी कुठं दुरुस्त होते, हा खरेदीआधी विचारायचा पहिला प्रश्न आहे. मॅन्युअलचा क्लच बदलणारे हात सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. ड्युअल क्लचचा मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारा संगणक आणि त्याचे व्हॉल्व्ह, उघडणारा माणूस आपल्या गावात मला अजून भेटलेला नाही. टायरचंही तसंच. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतात आणि स्टेपनी नसते. रात्री अकराला भिगवणच्या पुढं टायर गेला तर काय करायचं, याचं उत्तर ब्रोशरमध्ये नसतं.

पैशाच्या बाबतीत जुन्या गाडीची बाजू मजबूत आहे, ते मी कबूल करते. नवी पेट्रोल गाडी घेतली की आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो. सोळा लाखांवर तो जवळजवळ दोन लाख होतो. राज्यातल्याच नंबरच्या जुन्या गाडीचा हा भार पहिल्या मालकानं उचललेला असतो. नवी गाडी पहिल्या तीन वर्षांत किंमतही जोरात गमावते. पण समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघा. नव्या गाडीला पहिली काही वर्षं वॉरंटी. जुन्या गाडीच्या विम्यातला नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही. आणि सुटे भाग गाडीच्या मूळ किमतीच्या हिशेबानं येतात, तुम्ही दिलेल्या किमतीच्या नव्हे. पस्तीस लाखांची गाडी तुम्हाला अठराला मिळाली म्हणून तिचा हेडलाइट निम्म्या किमतीत मिळत नाही.

पेट्रोलचाही मुद्दा आहे. आता पंपावर ई२० येतं, वीस टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या आहेत, त्याआधीच्या मोठ्या गाड्या बहुतेक नाहीत. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवायची नाहीत, त्यावर आपल्याच शेतकऱ्याचा संसार चालतो. पण म्हणूनच त्या इंधनासाठी बनवलेली गाडी घ्यावी.

हे सगळं हिशेबाचं झालं. मला जे मनापासून सांगायचंय ते आता.

बार्शी रस्ता घ्या. गाळपाचा हंगाम, वैरागच्या अलीकडं, सूर्य डोळ्यांवर. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. तुम्ही पाचव्या गिअरमध्ये त्याच्या मागं. समोरचा रस्ता रिकामा दिसतो, पण तो थोडाच वेळ रिकामा राहणार आहे. अशा वेळी मी ओव्हरटेकच्या आधीच तिसरा टाकते. एक्सिलरेटरला हलका स्पर्श, क्लच सुटतो, आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर येतो आणि गाडी ताणलेल्या दोरीसारखी तयार होते. अजून मी उजवीकडं घेतलेलं नाही. समोरून कोणी आलं तर मागंच थांबायचं, काही बिघडत नाही. रस्ता मोकळा राहिला तर एका दमात ट्रॉल्या, ट्रॅक्टर सगळं मागं. दीड लिटरच्या टर्बोत २५० न्यूटन मीटर टॉर्क असतो, तो इथं कामाला येतो. ऑटोमॅटिकही ओव्हरटेक करते, स्पोर्ट मोड किंवा स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पॅडल वापरणाऱ्याला ती उत्तम साथ देते. पण नुसत्या डी मध्ये पाय दाबला की गिअरबॉक्स क्षणभर विचार करतो, आणि तो क्षण चुकीच्या बाजूच्या लेनमध्ये जातो. मला निर्णय आधी घ्यायचा असतो, गाडीनं नंतर घेतलेला नको असतो.

तुळजापूरचा घाट उतरतानाही तेच. दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी स्वतःला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत, वळणावर पाय मोकळा राहतो. देवीच्या दर्शनाला जाताना घरच्यांना मागं झोप लागते, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नको.

“बायकांना ऑटोमॅटिकच बरी” हे वाक्य मी शोरूममध्ये, लग्नात, अगदी सख्ख्या नातेवाइकांकडून ऐकलंय. मला त्याचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही. क्लचला बाईचा पाय, पुरुषाचा पाय असं काही कळत नाही. ज्या मुली आत्ता शिकताहेत त्यांनी मॅन्युअलवर शिकावं. होटगी रोडला एखाद्या रविवारी पहाटे, घाई नसलेल्या माणसाला शेजारी बसवून. मॅन्युअल येणाऱ्याला कुणाचीही कुठलीही गाडी चालवता येते, अडीअडचणीला शेजाऱ्याची जीपसुद्धा.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि आता सोलापुरातून काम करतो. त्याचं म्हणणं होतं, “मावशी, वीस लाखात स्लाव्हिया घेतली तर लोक म्हणतील यात तर बीएमडब्ल्यू आली असती.” लोक म्हणतील, खरंच म्हणतील. मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये कोणती गाडी कुणाची याची चर्चा होतेच. पण ईएमआय, इन्शुरन्स आणि वर्कशॉपचं बिल भरायला त्या पार्किंगमधलं कोणी येत नाही. आणि तो दर आठवड्याला पुण्याला एकटा जाणार आहे. त्याला भरवशाची, पाच स्टारची, हायवेवर खिळून चालणारी गाडी हवी. स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींनाही २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं टक्कर चाचणीत पाच तारे दिलेत. त्यानं अजून ठरवलेलं नाही. मी मात्र त्याला एवढंच बजावलंय की उशीर करू नकोस. २०२१ ला भारतात आलेली चौथ्या पिढीची ऑक्टाव्हिया आपल्याकडं मॅन्युअलमध्ये आलीच नाही. कंपन्या एकेक करून मॅन्युअलचे व्हेरियंट बंद करताहेत. त्यामुळं आज कोणत्या गाडीत, कोणत्या ट्रिममध्ये मोठं इंजिन आणि मॅन्युअल एकत्र मिळतंय, ते शोरूमला जाऊनच पक्कं करा.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची कंबर साथ देत नाही, ज्यांच्या घरात सगळ्यांनी एकच गाडी चालवायची आहे, त्यांनी ऑटोमॅटिक घ्यावी, बिनधास्त घ्यावी. जुनी घेणार असाल तर एक लिटर इंजिनची स्लाव्हिया किंवा व्हर्टस बघा, तिला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. जोर कमी, पण डोक्याला ताप कमी.

आणि मोठी जुनी ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल, तर ती सकाळी थंड असताना बघू नका. दुपारी जा, एसी लावून अर्धा-पाऊण तास गर्दीतून फिरवा आणि मग तपासा. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना थरथरते का, रिव्हर्स टाकल्यावर दणका बसतो का, चढावर ब्रेक सोडला की धरते की घरंगळते. सर्व्हिसचे कागद कंपनीच्या सिस्टिममधून काढून घ्या, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते त्यात दिसतं. स्कॅनर स्वतःच्या माणसाकडून लावा. विम्याचे जुने क्लेम विचारा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि थरथर जाणवल्यावर विकणारा “या गाड्यांना थोडं असतंच” असं म्हणाला, तर किल्ली परत देऊन घरी या.