नवतपात तंबू

कॅम्पिंगला गेल्यावर मच्छर-किड्यांपासून कसं वाचायचं यावर जितके सल्ले वाचले ना, ते सगळे थंड गावच्या लोकांनी लिहिलेले आहेत असं माझं ठाम मत आहे. फुल बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा, तंबूची चेन पूर्ण लावून घ्या. घेतो ना बाप्पा, काऊन नाही घेणार, पण मे महिन्याच्या शेवटी भंडारा जिल्ह्यात दिवसा पारा पंचेचाळीसला जाऊन आलेला असतो अन् रात्री बारा वाजले तरी तिशीच्या खाली यायचं नाव घेत नाही, अशा वेळी पँट मोज्यात खोचून झोपलेला माणूस मच्छरांपासून वाचतो पण सकाळी त्याला सलाईन लावायला न्यावं लागतं. आपल्याकडचा हिशोब एकदम सरळ आहे. चावणं कमी पाहिजे तर उकाडा सोसा, उकाडा नको तर चावून घ्या. घरी कूलरसमोर पडून राहणं हा तिसरा पर्याय होता, पण तो आमच्या भाऊजींना मंजूर नव्हता.

भाऊजी पुण्याचे. माणूस एकदम चांगला, फक्त उत्साह जरा जास्त. ताई, भाऊजी आणि आठवीतला भाचा दरवर्षी सुट्ट्यांत येतात, रसाळी खातात आणि परत जातात, इतकं सुरळीत चाललेलं असताना यावर्षी भाऊजींनी ऑनलाईन तंबू मागवला. चार माणसांचा, तीन सीझनचा. त्या तिनात एक उन्हाळाही होता म्हणे, पण कोणाचा उन्हाळा ते काही खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि मुहूर्त काढला तो नेमका नवतपाचा, म्हणजे २५ मेपासूनचे ते नऊ दिवस जेव्हा सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि आमच्याकडची कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात.

तसं बाहेर झोपायचं आम्हाला काही नवीन नाही. लहानपणी अख्खा उन्हाळा गच्चीवरच जायचा, सांजच्याला गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी मारायचं, बाजा टाकायच्या, उशाशी पाण्याचा गडवा, अन् वारा सुटला की एकही मच्छर जवळ यायचा नाही. मच्छर हा मुळातच फार हळू उडणारा प्राणी आहे, ताशी दीड-दोन किलोमीटर, म्हणजे आपण रमतगमत चाललो तरी त्याच्यापुढे जाऊ. जरा वारा असला की त्याचा निभाव लागत नाही. आता गंमत बघा, जी एकमेव गोष्ट मच्छराला खरोखर हरवते ती फुकटात वाहून राहिली असते, आणि आपण पाच हजार रुपये देऊन तिला अडवायला चारी बाजूंनी नायलॉनचं कापड लावतो.

असो. शेत साकोलीच्या बाजूला, लागूनच मामा तलाव. माजी मालगुजारी तलाव हे त्याचं पूर्ण नाव, मालगुजारांच्या काळात धानासाठी बांधलेले असे हजारो तलाव भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर पट्ट्यात आहेत. उन्हाळ्यात पाणी मधोमध आटून जातं आणि काठाला चिखलात म्हशींच्या खुरांचे जे खड्डे पडतात त्यात पाणी साचतं. फोटोत फार सुंदर दिसतं ते. मच्छरांनाही आवडतं.

भाऊजींनी पहिली जागा निवडली गोठ्याजवळची, सावली आहे म्हणून. ताईने ती लगेच नाकारली. ताई लॅबमध्ये काम करते त्यामुळे तिला कुठला किडा काय देऊ शकतो हे पाठ आहे. तिनं वाळूमाशीचं सांगितलं, मच्छरापेक्षाही लहान, आवाज नाही, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येते, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहते, आणि चांदिपुरा व्हायरस तिच्यामुळेच पसरतो. चांदिपुरा म्हणजे आपल्या नागपूरकडचंच गाव, १९६५ साली तिथे तो पहिल्यांदा सापडला म्हणून जगभर त्याला तेच नाव. आणि तो मुख्यतः लेकरांना होतो म्हटल्यावर ताईपुढे बोलायची कोणाची हिंमत. तंबू उचलला आणि आंब्याखाली नेला.

आंब्यावर लाल मुंग्या. ह्या मुंग्या ज्यांनी जवळून पाहिल्या नाहीत त्यांनी एकदा पाहाव्यात, पण हात मागे बांधून. पानं जोडून चांगले नारळाएवढे गोळे करून राहतात. आधी एक रांग लागते, सगळ्या जणी मिळून दोन पानांच्या कडा ओढून धरतात, मग दुसऱ्या मुंग्या तोंडात आपलीच एकेक अळी धरून येतात, त्या अळीच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो, आणि तिला या पानाला टेकव, त्या पानाला टेकव असं करत शिवण घालतात. म्हणजे पाळण्यातल्या पोराकडून शिलाईचं काम करून घेतात लेकाच्या. मी मान वर करून हे पाहण्यात रंगलो होतो आणि तिकडे भाऊजींनी तंबूची दोरी नेमकी त्याच फांदीला बांधून एक झटका दिला.

ही मुंगी आधी चावते आणि मग त्याच जागी पोट वाकवून फॉर्मिक ॲसिड सोडते, त्यामुळे जे होतं त्याला नुसतं चावणं म्हणता येणार नाही. भाऊजी शर्ट काढून नाचत होते, ताई त्यांना आपल्या चपलेने झटकत होती (मला वाटतं थोडं जास्तच झटकलं), आणि भाचा मोबाईलवर एका दांडीच्या नेटवर्कमध्ये वाचून दाखवत होता, "मामा, ओडिशात मयूरभंजला यांची चटणी करतात, तिला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला!" भाऊजींच्या पाठीवर त्या दिवशी अर्धा किलो चटणीचा माल होता.

मग तंबू तलावाच्या पाळीवर, उघड्यावर. वारा लागेल हा विचार बरोबर होता. पण नवतपात सांजच्याला वारा नेमका पडतो. आणि पाळीवर दिवसभर म्हशी असतात, त्यांच्या मागे गोमाश्या. गोमाशी सुई टोचत नाही, ती सरळ कातडी कापते आणि वर आलेलं रक्त पिते, त्यामुळे ती चावली हे विचारावं लागत नाही. भाच्याने लगेच वाचलं की इंग्लंडात २०१९ साली घोड्यांना झेब्र्यासारखे पट्टेवाले कपडे घालून पाहिले तर त्यांच्यावर गोमाश्या बऱ्याच कमी बसल्या. भाऊजींनी बॅगेतून पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट काढला. पट्टे आडवे की उभे यावर बापलेकात वाद झाला तेवढ्या वेळात दोन जागी चावून ती निघूनही गेली.

दिवस बुडाला आणि मच्छरांची पाळी सुरू झाली.

यातलं सगळं शास्त्र मला नंतर कळलं, म्हणजे भाच्याने मला झोपू दिलं नाही म्हणून कळलं. चावते ती मादीच, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं, नर बिचारा फुलातल्या रसावर जगतो. ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते, जवळ आली की अंगाची गरमी आणि घामाचा वास. आता नवतपात गरमी आणि घाम या दोनच गोष्टी आपल्याकडे मुबलक असतात. वर भाऊजींनी गार बिअर घेतली होती. बुर्किना फासो नावाच्या आफ्रिकेतल्या देशात २०१० साली शास्त्रज्ञांनी काही लोकांना तिथली स्थानिक बिअर पाजली आणि काहींना नुसतं पाणी, तर बिअर प्यायलेल्यांकडे मच्छर जास्त ओढले गेले. हे वाचल्यावर भाऊजी म्हणाले, "मग मी तर तुमच्यासाठी त्याग करतोय, सगळे माझ्याकडे येतायत," आणि दुसरी उघडली.

उपायही सगळे करून झाले. अंगाला लावायचं मलम लावलं, ते चांगलंच असतं, पण घामासोबत ते अर्ध्या तासात कोपरावरून टपकून राहिलं होतं. भाऊजींच्या मोबाईलमध्ये अल्ट्रासाऊंडचं ॲप होतं, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून मच्छर पळवणारं. अशा आवाजाच्या यंत्रांची तपासणी बऱ्याच वेळा झालेली आहे आणि मच्छरांवर त्याचा काही परिणाम होत नाही असंच निघालंय, इथेही एक मच्छर त्याच मोबाईलच्या स्क्रीनवर येऊन बसला. मग निळ्या लाईटचा तो पिंजरा टांगला, किडे चट् चट् जळतात तो. फार समाधान मिळतं त्या आवाजाने. पण १९९६ साली अमेरिकेत कोणीतरी अशा पिंजऱ्यांत मेलेले किडे चक्क मोजले, तर १३,७८९ किड्यांत चावणारे निघाले फक्त ३१. बाकी सगळे बिचारे लाईट पाहायला आलेले पाहुणे. तरी आम्ही तो रात्रभर चालू ठेवला, माणसाला काहीतरी मरतंय एवढा आधार लागतो.

शेवटी सालदार काका आले. घमेल्यात गवऱ्या पेटवून वर कडूनिंबाचा ओला पाला टाकला आणि तंबूकडे पाहून म्हणाले, "काऊन बाप्पा, ह्या पिशवीत झोपता काय? शिजसान ना!" धूर मात्र जबरदस्त झाला. मच्छर गेले. मग वारा फिरला, सगळा धूर तंबूत घुसला आणि आम्हीही गेलो, डोळे चोळत, खोकत, थेट पाळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मच्छर आधीच जाऊन थांबले होते.

परत येऊन पाहतो तर तंबूत मोती. सालदारांचा कुत्रा, स्वभावाने गरीब, तंबूचं दार उघडं दिसलं तर भाऊजींच्या चटईवर ताणून दिली होती. त्याला हाकललं पण त्याची गोचीड राहिली, आणि ती सकाळी भाऊजींच्या पोटरीवर सापडली. यावर मोठी सभा भरली. कोणी म्हणे रॉकेल लावा, कोणी म्हणे अगरबत्तीचा चटका द्या, सालदार काका म्हणाले मीठ. ताईने कोणाचंही ऐकलं नाही. तिने पर्समधून भुवयांचा प्लकर काढला, गोचिडीला कातडीच्या अगदी जवळ पकडलं आणि न पिळता, न झटकता सरळ वर हळूहळू ओढलं. कातडी तंबूच्या आकारात वर आली, भाऊजींनी डोळे मिटले, आणि ती सुटली. प्लकरच्या टोकावर आठही पाय हवेत चालवून राहिली होती. चटका-रॉकेलने ती उलट आतच ओकते, ताई म्हणाली, आणि मग आजाराची भीती जास्त. भाचा म्हणाला, "आठ पाय, म्हणजे हा कीटक नाहीच, कोळ्याच्या खानदानातला आहे." भाऊजी म्हणाले, "बरं वाटलं ऐकून."

दुसऱ्या रात्री तंबू गुंडाळून ठेवला. अंगणात बाजा टाकल्या, मच्छरदाण्या बांधल्या, आणि मोटरची लाईन, म्हणजे शेतातली वीज, त्या आठवड्यात रात्रीची होती म्हणून चुलतभावाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून त्यांच्या घरचा लोखंडी कूलर आणून दिला. कॅम्पिंगला कूलर हे ऐकून पुण्यातले भाऊजी आधी नाराज झाले, पण वाळ्याच्या ताट्यांचा पहिला गार झोत अंगावर आला तसं त्यांनी निसर्गाबद्दल बोलणं बंद केलं. आहाहा. वारा पण आणि गारवा पण, मच्छरांची काय बिशाद. सगळे जण झोपलो, घोरलो, स्वप्नं पडली.

सकाळी उजाडल्यावर चावायला लागले. उन्हं वर आलेली, मच्छरदाणीतून बाहेर पाय काढला की घोट्यावर चटकन एक. पांढरे ठिपके असलेले काळे मच्छर, डेंग्यूवाले, दिवसा चावणारे. ताई म्हणाली शेतात हे कुठून आले, हे तर घराजवळ राहतात. तिने कूलरची खिडकी काढली आणि टाकीत टॉर्च मारला. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीची नळी लावून, डोकी खाली करून, शेकडो अळ्या उलट्या लटकून राहिल्या होत्या, उजेड पडला तसा सगळा कळप वळवळत तळाला गेला, मग एकेक करत परत श्वास घ्यायला वर. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे कोषही होते, त्यातलेच काही रात्री फुटले असणार. चुलतभावाला फोन केला तर तो म्हणाला पाणी रोजच टाकतो की, धुवायचं काय असतं त्यात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा म्हणून गावात भोंगा फिरतो, तो भोंगा त्याच्याच गल्लीतून जातो.

म्हणजे तलावकाठच्या शेतात मच्छर कमी पडतील म्हणून आम्ही घरून ट्रॉलीत भरून नेले होते.

भाऊजी पुण्याला पोचले. ताई सांगत होती की अंगभर गुलाबी कॅलामाइन लावून फुल बाह्यांच्या शर्टात ऑफिसला जाताहेत, आणि तिथे तंबूचा, तलावाचा, मावळत्या सूर्याचा फोटो दाखवून झालाय. त्यामुळे आता अनोळखी नंबरवरून मला फोन येऊन राहिले, दादा तुमच्याकडे कॅम्पिंगची सोय आहे का. मी सगळ्यांना डिसेंबरात या म्हणून सांगतो. त्यातही एखादा हट्टी निघतोच, त्याला मेमध्येच यायचं असतं आणि काय काय आणायचं ते विचारतो. त्याला म्हणतो तंबू राहू द्या, कूलर आणा, आणि निघायच्या आधी टाकी घासून घ्या.