रुग्णालय काढताय? मग धर्मादायच काढा

रुग्णालय काढायचं पक्कं केलंच असेल, तर कंपनीच्या भानगडीत पडू नका. दर तिमाहीला भागधारकांना हिशेब द्या, एका खाटेमागे रोजचे किती सुटले ते सांगा, वर डॉक्टरांना टार्गेट दिल्याबद्दल लोकांच्या शिव्या खा. एवढा ताप कशाला? सरळ ट्रस्ट काढा. निर्णय तेच घ्यायचे, फक्त बैठकीआधी दीपप्रज्वलन करायचं.

ट्रस्टला जागा नाममात्र भाड्याने मिळू शकते, जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा, मिळतो, प्राप्तिकरात सूट असते. बदल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लावून दिलेली योजना पाळायची: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे ‘आयपीएफ’मध्ये. घाबरू नका. खाटा राखून ठेवायच्यात, त्या पेशंटला सापडल्याच पाहिजेत असं थोडंच आहे?

या खाटा मिळवून देणाऱ्या समाजसेवकाचं टेबल तळघरात टाका, पार्किंगच्या पलीकडे. वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत कमावणारा, म्हणजे नियमाने निर्धन, कुणी तिथवर पोचलाच, तर तहसीलदाराचा दाखला मागा. त्याने दाखला आणला की तो गेल्या वर्षीचा निघतो. नाहीच निघाला, तर रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव ताडून पाहा; काना-मात्रेचा फरक असतोच. तोवर पेशंट बहुधा ससूनला नाहीतर केईएमला पोचलेला असतो.

एखादा चिवट निघाला, तर ‘आयपीएफ संपला’ म्हणा. या निधीत खर्च टाकताना उपचार सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधं खरेदीच्या भावाने धरायची असतात. तसं धरलं तर निधी बराच पुरतो. म्हणून या नियमाचा कागद अकाउंटंटच्या कपाटातच असू द्या.

तातडीच्या पेशंटला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्या, असंही योजनेत आहे. मग मागूच नका. कॅशियरने नुसतं एस्टिमेट हातात द्यावं आणि नातेवाइकांकडे बघत बसावं.

मात्र राखीव खाटांपैकी दोन-तीन कायम मोकळ्या ठेवा. आमदारांच्या पीएचा फोन आला की समोरचा पेशंट निर्धनच असतो. दाखला मागाहून येतो.