कलहंस माझा, शिक्का त्यांचा

काल रात्री पक्षीनोंदींच्या ॲपकडून मेल आला, भिगवणला मी पाहिलेला कलहंस (इंग्रजीत ग्रेलॅग गूज) 'अनकन्फर्म्ड'. म्हणजे माझ्या लिस्टमध्ये खुशाल ठेवा, पण सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर तो येणार नाही.

तिथे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, असतातच. त्यांच्यात हा एकटा, डोक्यावर पट्टे नाहीत, गुलाबी चोच, अंगाने दांडगा. माझा फोटो हलला कारण बोट हलली, आणि बोट हलली कारण शेजारचे काका उठून उभे राहिले. काकांच्या अंगावर नखशिखांत पानाफांद्यांचं प्रिंट, हातभर लेन्सलाही त्याच कापडाचा झगा, आणि आजूबाजूला चहूकडे नुसतं पाणी. लपताय कुणापासून?

"काका, ग्रेलॅग!"

"पाळीव आहे. सुटलेला."

"अहो, उडाला की आत्ता!"

"पाळीवही उडतात थोडे."

"पार पलीकडच्या काठाला गेला!"

"घाबरला असेल."

"एक फोटो तरी काढा ना, माझा हललाय."

"पाळीव पक्ष्यावर मी शटर वाया घालवत नाही," असं म्हणून त्यांनी शेजारच्या बोटीवरच्या कावळ्याचे पाच-पन्नास फोटो काढले. लाइट छान होता म्हणे.

आता ॲपचं असं, की त्या भागात त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी टाकला की पुरावा मागतं, मग तिथला रिव्ह्यूअर बघतो. बिचारा फुकट काम करतो, मान्य आहे, कुणीही उठून काहीही टाकतं हेही मान्य. "इतर शक्यता कशा वगळल्या?" असं त्याने विचारलं, मी चोचीपासून उडताना दिसलेल्या पंखांच्या फिकट राखाडी पुढच्या भागापर्यंत पानभर लिहिलं. उत्तर काय, तर "बोटीतल्या अनुभवी निरीक्षकांच्या मते पक्षी पाळीव वाटतो." अनुभवी निरीक्षक!! ज्यांनी दुर्बीणसुद्धा लावली नाही!

आणि हे काही आजचं नाही. कर्नल माइनर्ट्झहेगन नावाच्या गोऱ्या साहेबाने म्युझियममधून रानपिंगळ्याचा, म्हणजे एका छोट्या घुबडाचा, जतन केलेला जुना नमुना ढापला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला असं लेबल लावलं. साहेबच तो, कोण विचारणार इतर शक्यता कशा वगळल्या? लोक त्या खोट्या पत्त्यावरही शोधत बसले. १८८४ नंतर कुणाला खात्रीने न दिसलेला पिंगळा शेवटी १९९७ मध्ये सापडला आपल्या शहाद्याजवळ, तोही लबाडी उघडी पाडून, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरून शोधल्यावर. कर्नलची चोरी इतकी वर्षं खपते आणि माझा हललेला फोटो एका रात्रीत बाद.

तरी मी आज सकाळी बोटवाल्या मामांना फोन केला, काठावर कुणी हंस पाळलेत का विचारायला.

"हंस? नाय ओ सर, हितं कोण पाळतंय हंस. कोंबड्या हायेत, गावरान. ठिऊ का एक?"

हे सगळं शब्दशः रिव्ह्यूअरला पाठवलंय. त्याचं उत्तर नाही. मामांचे मात्र दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत.