थ्री फेजचा त्रिशूळ

इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या सेकंड इयरला मला शॉकची भीती नव्हती, भीती होती ती रेक्टँग्युलरचं पोलार करायची, म्हणजे आडवं किती-उभं किती असा दिलेला आकडा बाणाची लांबी आणि अँगल असा लिहायची. तसं बघायला गेलं तर सोपं आहे. 3 + जे4 दिलं की वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 5 आणि टॅन इन्व्हर्स 4 बाय 3 म्हणजे 53.13 डिग्री. (जे म्हणजे −1 चं वर्गमूळ, ते लागलेला आकडा उभा. गणितवाले त्याला आय म्हणतात, आमच्याकडे आय म्हणजे करंट, म्हणून जे.)

पण दोन इम्पिडन्स (एसी सर्किटमधले करंटचे अडथळे) पॅरलल आले की गुणाकार भागिले बेरीज करायची, आणि तहसील कचेरी सुरू. गुणाकार-भागाकाराला पोलार सोयीचं, बेरजेला रेक्टँग्युलरच लागतं, म्हणजे या खिडकीवर म्हणतात आधी तिकडचा शिक्का आणा आणि तिकडे म्हणतात आधी इकडची पावती दाखवा. 3 + जे4 आणि 8 − जे6 ची जोडी मला अजून पाठ आहे. वरचा गुणाकार 50, अँगल 16.26. खाली बेरीज 11 − जे2, तिचं परत पोलार केलं तर 11.18 आणि अँगल −10.30. भागलं, 4.472 अँगल 26.56. आता हे परत रेक्टँग्युलर करा. उत्तर काय? 4 + जे2! अरे मग दीड पान कशाला फिरवलंत, तिथेच सांगायचं ना.

त्यात कॅल्क्युलेटर. युनिट टेस्टच्या आधी शेजारच्याने 'एक मिनिट दे' म्हणून नेला आणि परत दिला तो रेडियन मोडमध्ये, म्हणजे अँगल डिग्रीऐवजी रेडियनमध्ये. मी आपला 53.13 च्या जागी 0.927 लिहितोय, पेपरभर. हे सगळं होईपर्यंत वर्ष अर्धं गेलं होतं आणि मला वाटलं आता आपण तयार झालो.

मग थ्री फेज आलं, म्हणजे एकमेकांपासून 120 डिग्रीवर असलेले तीन व्होल्टेज, आर, वाय आणि बी. सरांनी तिन्ही फेजचे व्होल्टेज रेक्टँग्युलरमध्ये दिले आणि म्हणाले पोलार करा, फेजर म्हणजे बाण काढा, बेरीज शून्य येते का बघा. आर फेज 230, अँगल झिरो. वाय फेज −115 − जे199.2. टॅन इन्व्हर्स मारला, 60. बी फेज −115 + जे199.2, तर −60. छान! ऐटीत बाण काढले, एक सरळ पुढे, एक वर तिरका, एक खाली तिरका, तिन्ही उजवीकडे. बेरीज केली ती आली 460 व्होल्ट.

सर वहीवर वाकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे थ्री फेज आहे का महादेवाचा त्रिशूळ?"

भानगड अशी की टॅन इन्व्हर्स मारायच्या आधी आपण भागाकार करतो आणि मायनसला मायनसने भागलं की दोघांचा पत्ता कट, कॅल्क्युलेटरला बिचाऱ्याला कळणारच नाही की बाण डावीकडे होता का उजवीकडे, तो −90 ते 90 मध्येच काहीतरी सांगून मोकळा होतो. डावीकडचा असेल तर 180 आपण मिळवायचे नाहीतर वजा करायचे. वाय फेज 60 नाही, −120. इम्पिडन्सला हे कधी नडलं नव्हतं कारण आमच्या गणितातला रेझिस्टन्स, म्हणजे त्यातला आडवा आकडा, कायम पॉझिटिव्ह.

गंमत म्हणजे या आकड्यांना बाण मानून कागदावर काढायची कल्पना पहिल्यांदा मांडली ती एका मोजणीवाल्याने. कॅस्पर वेसल, जन्म नॉर्वेचा, नोकरी डेन्मार्कात जमीन मोजायची, साल 1797. पटतं मला. मोजणीत कोणी 180 डिग्रीने चुकला तर खुंटी थेट शेजाऱ्याच्या रानात, आणि मग बांधावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

कॅल्क्युलेटरवर पोल नावाचं बटण असतं, दोन आकडे दिले की ते अँगल बरोबर बाजूला देतं, हे मला थर्ड इयरला कळलं. तेही बॅकबेंचरकडून.

परवा भाच्याचा फोन. "मामा, −3 + जे4 चा अँगल मायनसमध्ये येतोय, बरोबर ना?"

मी सरसावून बसलो. "आधी बाण काढ. कुठे गेला?"

"डावीकडे वर."

"मग? 180 मिळव."

बटणांचा आवाज आला.

"मिळवले मामा. 179.07."