करार करा, संबंध टाळा

राष्ट्रीय विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय संबंध विभागाचे संचालक म्हणून तुमची नेमणूक झाली, त्याबद्दल अभिनंदन. आपला मूळ विषय तुम्ही गेली काही वर्षं शिकवलेला नाही, ही या पदासाठी उत्तम पात्रता आहे. आता भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावून घ्या आणि रंगीत टाचण्यांचा डबा मागवा. जिथे करार, तिथे टाचणी. येणारे पाहुणे टाचण्या मोजतात. टाचणीखाली काय चाललंय, असं सहसा कुणी विचारत नाही.

सामंजस्य करार हा विभागाचा प्राण. त्याचा मसुदा नव्याने लिहायच्या भानगडीत पडू नका. मागच्या फायलीतून उचला, फक्त मागच्या विद्यापीठाचं नाव सगळीकडून निघालंय ना, तेवढं बघा (एखाद्या तळटिपेत ते हमखास राहतं). अध्यापकांची देवाणघेवाण, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, संयुक्त पदवी, परिषदा, ग्रंथालयं. काही म्हणता काही गाळू नका. हात आखडता घेण्याचं कारणच नाही, कारण शेवटाकडे 'या करारामुळे उभयपक्षी कोणतंही कायदेशीर वा आर्थिक बंधन निर्माण होणार नाही' हे कलम असतं. विद्यापीठाचे वकील तेवढंच कलम डोळ्यांत तेल घालून वाचतात. मुदत पाच वर्षं ठेवा. तोवर सह्या करणारे दोन्हीकडचे लोक निवृत्त झालेले असतात आणि जाब कुणी कुणाला विचारायचा, हा प्रश्नच उरत नाही.

सहीच्या समारंभात मात्र कसूर नको. टेबलावर दोन छोटे झेंडे, दोन निळे फोल्डर, दोन पेनं. पाहुण्यांचा झेंडा उलटा लावलेला नाही ना, हे स्वतः तपासा, शिपायावर सोडू नका. सह्या झाल्या की फोल्डरांची अदलाबदल, पुन्हा सह्या, मग हस्तांदोलन. हस्तांदोलन करताना एकमेकांकडे बघायचं नसतं, कॅमेऱ्याकडे बघायचं असतं. फोटोग्राफर 'अजून एक' म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. मागच्या रांगेत एखादा खराखुरा संशोधक उभा केला तर फोटो भरल्यासारखा दिसतो, पण त्याच्या हाती माईक जाऊ देऊ नका. ही माणसं कुठे काय बोलावं हे न कळणारी. तिकडे माझ्यासोबत काम कोण करणार, त्यांचं उपकरण आम्हाला कधी वापरता येईल, विद्यार्थ्याच्या तिकिटाचे पैसे कोण देणार, असलं काहीतरी भर समारंभात विचारून मोकळी होतात.

परदेशी जाणाऱ्या शिष्टमंडळात त्यामुळेच कुलगुरू, कुलसचिव, वित्त अधिकारी आणि तुम्ही. प्रयोगशाळेतला माणूस जागा उरली तर.

प्राध्यापकांना परस्पर पत्रव्यवहार करू दिला तर काय अनर्थ होतो, याचं जुनं उदाहरण सांगतो. ढाका विद्यापीठ 1921 साली सुरू झालं. तीनच वर्षांनी, जून 1924 मध्ये, तिथल्या सत्येंद्रनाथ बोस नावाच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकानं थेट आईनस्टाईनला पत्र लिहिलं, सोबत आपला लेख जोडला आणि पटला तर छापण्याची व्यवस्था करा, अशी विनंती केली. वरिष्ठांमार्फत नाही, विहित नमुन्यात नाही. आईनस्टाईननंही तिकडच्या संबंध विभागाला न विचारता लेखाचं स्वतः जर्मन भाषांतर केलं आणि छापायला पाठवून दिला. त्यातून क्वांटम सांख्यिकी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या समूहांचं गणित, उभी राहिली. बोस युरोपात जाऊन आले. पुढे विश्वातल्या कणांच्या एका अख्ख्या गटाला 'बोसॉन' हे नाव मिळालं. आणि या सगळ्या प्रकरणात दोन विद्यापीठांमध्ये करार किती झाले? शून्य. एकही टाचणी नाही! असा प्रकार तुमच्या कारकिर्दीत घडू नये म्हणून परदेशी पत्रव्यवहाराला पूर्वपरवानगीचं परिपत्रक आजच काढा.

क्रमवारीचा अभ्यास मात्र तुम्हाला करावाच लागेल. 'टाइम्स हायर एज्युकेशन'च्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत आंतरराष्ट्रीयतेला 7.5 टक्के वजन आहे: परदेशी अध्यापक, परदेशी विद्यार्थी आणि परदेशी सहलेखक, प्रत्येकी अडीच. सहलेखक मिळवायला सहकार्य करावं लागतं, असं भाबडी माणसं समजतात. 2015 साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांचा संयुक्त शोधनिबंध आला. त्याला 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी 9 पानांत संशोधन आणि संदर्भ, उरलेल्या 24 पानांत लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. त्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून यंत्रं उभारली होती, हा तपशील आपल्या कामाचा नाही. आपण 24 पानांकडे बघायचं. एवढ्या यादीत आपलं एखादं नाव कसं बसेल, यावर उपसमिती नेमा.

याहून जवळची वाटही आहे. ज्यांच्या निबंधांचे संदर्भ जगभर दिले जातात, असे संशोधक कामाला बोलवण्याऐवजी नुसते पत्त्याला बोलवायचे. सौदी अरेबियातली काही विद्यापीठं नामवंत परदेशी संशोधकांना अर्धवेळ करार आणि भरघोस मानधन देतात, बदल्यात त्यांनी आपल्या नावापुढे दुसरा पत्ता म्हणून त्या विद्यापीठाचं नाव लावायचं, असं वृत्त 2011 साली 'सायन्स' नियतकालिकानं छापलं होतं. माणूस त्याच्या देशात, पत्ता आपल्या विद्यापीठात. वसतिगृहाचा प्रश्नही येत नाही.

वसतिगृहावरून आठवलं, परदेशी विद्यार्थी. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ते हिरवळीवर हसत बसलेले असावेत, यात दुमत नाही. अडचण एवढीच की कधीकधी त्यातला एखादा खरोखर येऊन दाखल होतो, रविवारी पहाटे, दोन बॅगा घेऊन. त्याच्यासाठी कार्यपद्धती ठरलेली आहे. खोली हवी असेल तर अनामत स्थानिक बँक खात्यातून भरायची. खातं उघडायला बँकेला राहण्याचा पुरावा लागतो. पुरावा वसतिगृह देतं, खोली मिळाल्यावर. या तीन खिडक्यांमधून तो फिरत असताना परदेशी नागरिक म्हणून नोंदणीची मुदत टळून जाते आणि मग तुमच्याकडे येतो. त्याला प्रेमानं बसवा, पाणी द्या आणि नकाशावरची त्याच्या देशाची टाचणी दाखवा.

आपला विद्यार्थी एका सत्रासाठी तिकडे गेला आणि परत आला, तर प्रकरण अभ्यास मंडळाकडे सोपवा, तिथे ते सुखरूप राहतं. तिकडे त्यानं सांख्यिकी शिकली, उत्तीर्ण झाला, गुणपत्रकही आणलं. पण आपल्या अभ्यासक्रमातल्या चौथ्या घटकातले दोन उपघटक तिकडे तिसऱ्या वर्षाला आहेत, सबब क्रेडिट देता येत नाहीत. त्यानं तीच परीक्षा इथे पुन्हा द्यावी. युरोपात 1987 साली 11 देशांतल्या 3,244 विद्यार्थ्यांना घेऊन इरास्मस कार्यक्रम सुरू झाला आणि दोनच वर्षांत त्यांनी परक्या विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट घरी धरली जावीत म्हणून सामाईक पद्धत वापरून बघायला सुरुवात केली. किती रटाळ काम! कुठल्या विषयाला किती तास, कुठल्या तासाला किती क्रेडिट, बसा जुळवत. त्यात ना झेंडा, ना फोटो.

इतकी काळजी घेऊनही दोन देशांतले दोन हट्टी संशोधक एखाद्या परिषदेत चहाच्या रांगेत भेटतात, पदरचे पैसे घालून एकमेकांच्या प्रयोगशाळेत राहतात, भांडतात, आकडे पुन्हा तपासतात आणि एक चांगला निबंध छापून आणतात. तुम्हाला ते वर्तमानपत्रातून कळतं. घाबरून जाऊ नका. आपल्या प्राध्यापकाला पत्र पाठवा: सदर संशोधन कोणत्या करारान्वये करण्यात आलं, परवानगीचा जावक क्रमांक काय, रजा कोणत्या प्रकारची होती, याचा लेखी खुलासा सात दिवसांत तीन प्रतींत सादर करावा. खुलासा आला की त्या विद्यापीठाशी मागील तारखेपासून लागू होणारा करार करून टाका आणि वार्षिक अहवालात तो निबंध पहिल्या पानावर घ्या, तुमच्या हस्तांदोलनाच्या फोटोखाली. लेखकांची नावं जागेअभावी गाळली तरी चालतील.